नाळ कधी कापायची, अक्का?

अक्का,

तू गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी तू आठवली नाहीस. आता चैत्राचं बाळंतपण कोण करणार, हेच मनात आलं. तुझ्या हाताखालच्या नंदितानं फोनवर "मॅडम गेल्या" एवढंच कसंबसं सांगितलं. मी सोफ्यावर बसले होते, चैत्राचे सुजलेले पाय माझ्या मांडीवर होते. ते मी खाली ठेवले नाहीत, तसेच धरून बसले. ती विचारत राहिली, "अम्मा, एनायतु? काय झालं, सांग ना." मी म्हटलं, "दोड्डम्मा." पुढचं काही बोलावं लागलं नाही. तू तिची मोठी मावशी. तिच्या जन्माच्या वेळीही तुझेच हात पुढे होते.

मग मला तुझा राग आला. त्याच्या अगदी चारच दिवस आधी तू तिच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटून उभी होतीस, बाळाचं डोकं कुठे आहे ते चाचपत. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तू डोळे न उघडताच लहानपणीच्या हाकेनं म्हणालीस, "पुट्टी, तोंड असं करू नकोस, पेशंट घाबरते. सगळं नीट आहे. आणि मी आहे ना." मी आहे ना. लोकांना हे सांगायची तुझी सवयच होती, आणि लोक निवांत व्हायचे. मीही झाले. मग तू एका दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. असं कुणी करतं का, अक्का?

तुझ्याबद्दल त्या दिवशी सगळे चांगलं बोलले. लष्कर मोहल्ल्यात तुझ्या नर्सिंग होमशेजारचे पत्रे ठोकणारे, वेल्डिंगवाले, सगळे दुकान बंद ठेवून आले होते. त्यातल्या निम्म्यांची पोरं तुझ्या हातची. कुणी म्हणालं, किती शांत बाई. मी ऐकून घेतलं. तू शांत नव्हतीस हे मला माहीत आहे. लेबर रूममध्ये तू फार भ्यायचीस. इतकी वर्षं बाळ घ्यायला तुझ्यासमोर हात पसरून उभी राहिलेय मी. तू बाळंतिणींची डॉक्टर, मी नुकत्या जन्मलेल्या बाळांची. मंडी मोहल्ल्यातल्या एकाच घरात वाढलेल्या आपण चुलत बहिणी, आणि एकाच खोलीत काम करणाऱ्या. माझ्याइतकं तुझं भिणं कुणी पाहिलं नसेल.

आणि आपण भांडलो ते त्या भिण्यावरूनच, हे मला आता कळतंय. तेव्हा वाटायचं, नाळेवरून भांडतोय.

तुला शिकवलं होतं की बाळ बाहेर आलं की लगेच नाळेला दोन चिमटे लावायचे, मध्ये कापायचं आणि बाळ देऊन टाकायचं. मलाही आधी तेच शिकवलं होतं. तुझ्या हाताचा वेग बघण्यासारखा होता. बाळाचा पहिला आवाज पुरा व्हायच्या आत ते माझ्या टॉवेलमध्ये असायचं. मग आमच्या बाजूचे, बाळांचे डॉक्टर म्हणायला लागले की थोडं थांबा. बाळ बाहेर आलं तरी नाळ धडधडत असते, वारेतलं रक्त बाळाकडे जात असतं, ते बाळाचंच आहे, मिनिटभर तरी जाऊ द्या. मी हे तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू कॉफी गाळत होतीस. तू म्हणालीस, "मिनिटभर मी काय करू? नुसती उभी राहू?"

"हो. नुसती उभी राहा."

"पुट्टी, तुला बाळ दिसतं. मला आई दिसते. त्या मिनिटात आईचं काय होतं ते तू बघतच नाहीस, कारण तिच्याकडे तुझी पाठ असते."

मी म्हटलं, थांबल्यानं आईला जास्त रक्त जात नाही, ते आता सगळीकडे मान्य झालंय. तू कॉफीचा पेला माझ्यासमोर ठेवलास आणि विषय बदललास. तू वाद हरलीस की असंच करायचीस. जिंकल्यावरही असंच करायचीस, म्हणून काही कळायचं नाही.

रत्नाचं बाळंतपण आठवतंय? मला रोज आठवतं सध्या. ती बेळगोळची, नवरा तिथल्याच एका कारखान्यात. आधीची दोन पोटात राहिली नव्हती. तिसऱ्या वेळी दिवस भरायच्या कितीतरी आधी कळा सुरू झाल्या, आणि तुझ्याकडे पोचेपर्यंत मोठ्या दवाखान्यात पाठवायलाही वेळ उरला नाही. तू मला बोलावलंस. मी दारातच म्हटलं, "अक्का, हे बाळ फार लहान असणार. याला तरी ते रक्त मिळू दे. ह्या वेळी थांब."

तू हात धूत होतीस. माझ्याकडे बघितलंस. "सरी, बरं. थांबते. पण बाईला काही व्हायला लागलं तर मी कापणार. तुला विचारणार नाही."

"नको विचारूस."

बाळ आलं. केवढंसं होतं ते. पण बारीक आवाजात रडलं. तू त्याला कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून रत्नाच्या मांड्यांमध्ये धरलंस, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत नाळ. बाहेर पत्रा ठोकायचा आवाज येत होता. मी बाळाच्या छातीकडे बघत होते, ती वर-खाली होत होती, आणि मला वाटत होतं, जातंय रक्त, आणखी जरा, आणखी जरा.

मग जयम्मा सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, ब्लीडिंग."

पुढचं तू मला विचारलं नाहीस. चिमटे, कात्री, आणि बाळ माझ्या हातात. मी वळले. त्यानंतर बराच वेळ आपण एकमेकींकडे पाठ करून होतो. मी त्या मुठीएवढ्या छातीत हवा भरायला फुगा दाबत होते आणि मागून तुझा आवाज येत होता, इंजेक्शन, आणखी एक, पोट चोळा, जोरात, नवऱ्याला रक्त आणायला पाठवा. तू हात घालून वार काढलीस. रत्ना ओरडली, मग ओरडायची थांबली, आणि ते थांबणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. मी वळून बघू शकत नव्हते. माझ्यासमोरचं बाळ निळं पडत होतं.

दोघीही वाचल्या. रत्ना रक्त चढवून घेऊन तिसऱ्या दिवशी भिंतीला धरून चालली. तिची मुलगी माझ्याकडे काचेच्या पेटीत बरेच आठवडे राहिली आणि मग मांजराच्या पिलासारखी रडत बेळगोळला गेली.

पण त्या दिवशी, सगळं आवरल्यावर, तुझ्या खोलीत आपण बसलो होतो तेव्हा तू दोन्ही हात टेबलाखाली घेतलेस. म्हणालीस, "तुझं हे थोडं थांब, थोडं थांब, यापुढे माझ्या लेबर रूममध्ये नको."

"अक्का, थांबल्यामुळे रक्त गेलं नाही. वार अर्धी सुटली होती. तू लगेच कापलं असतंस तरी हेच झालं असतं. तुला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय. त्या वेळी माझा हात नेहमी तिच्या पोटावर असतो. आज नव्हता. आज मी नाळ धरून उभी होते. गर्भाशय सैल पडतंय हे माझ्या हाताला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. आज जयम्माला आधी दिसलं."

मी म्हटलं, "पण ते बाळ जगलं त्यात त्या तेवढ्या थांबण्याचा वाटा आहे."

"असेल," तू म्हणालीस. "सिद्ध कर."

करता आलं नाही. तुलाही तुझं सिद्ध करता आलं नसतं. एकाच बाईचं एकच बाळंतपण दोनदा करून बघता येत नाही.

त्यानंतर बरेच महिने आपण कामापुरतं बोललो. गौरीच्या सणाला तू आलीस, चैत्राला बांगड्या भरल्यास, आईच्या पाया पडलीस, माझ्याशी भाजीच्या तिखटाबद्दल बोललीस. लेबर रूममध्ये तू पूर्वीसारखंच झटकन कापून बाळ देत राहिलीस आणि मी घेत राहिले.

एकदाच, कुणाच्या तरी लग्नाहून परत येताना, तू गाडी चालवत होतीस. मी झोपलेय असं तुला वाटलं असावं, किंवा नसेलही. तू म्हणालीस, "नवीन असताना तालुक्याच्या दवाखान्यात होते ना, तिथे एक बाई गेली माझ्या हातात. रक्त थांबेना. ती पाणी मागत होती. मी म्हटलं, थांबा, देते. जरा थांबा, असं म्हटलं मी तिला." मग तू गिअर बदललास. घर आलं. मी तुला काहीच विचारलं नाही. त्या बाईचं नाव, तिच्या बाळाचं काय झालं, ते सगळं तुझ्याबरोबर गेलं. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का, याचा अंदाज मला आजही लागत नाही.

आणि मग ती दुपार. साधं बाळंतपण, दिवस पुरे भरलेले. पाणी हिरवट आलं, बाळानं आतच शी केली असावी, म्हणून तू मला बोलावून घेतलं होतंस. बाळ आलं ते ओरडतच आलं. मी सवयीनं हात पुढे केले. तू दिलंच नाहीस. बघते तर बाळ आईच्या पोटावर, टॉवेलखाली. तुझा डावा हात त्याच्या बाजूनं खाली पोटावर घट्ट बसलेला, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत नाळ. जयम्मांनी बाळाचा खांदा बाहेर येतानाच गर्भाशय आवळायचं इंजेक्शन देऊन टाकलं होतं. त्यांनी ट्रे तुझ्या कोपराजवळ आणून ठेवला होता. म्हणजे हे आज पहिल्यांदा होत नव्हतं. तू आणि जयम्मा कधीपासून हे करत होता, कुणास ठाऊक. तुझे दोन्ही हात कामात होते आणि तरी तू थांबली होतीस.

माझे हात तसेच हवेत होते. तू म्हणालीस, "एवढी घाई काय आहे तुला? थांब ना जरा."

जयम्मा तोंड वळवून हसल्या. नाळ हळूहळू पांढरी पडली, लुळी झाली, आणि मग तू सावकाश चिमटा लावलास.

तू का बदललीस ते कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं असतं तर तू कॉफी गाळायला उठली असतीस. पण अक्का, मला एवढं तरी म्हणायचं होतं की मी जे सांगितलं ते सोपं होतं, आणि तू जे शोधून काढलंस ते अवघड होतं. मी फक्त थांब म्हटलं होतं. आईवरचा हात न काढता कसं थांबायचं ते तुझं तू बसवलंस, आणि तेही पोटात ती भीती घेऊन. हे मी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

मग आपल्याला नवं भांडण मिळालं. न रडणाऱ्या बाळाचं. रडणाऱ्या बाळासाठी थांबायचं हे आता आपल्या दोघींत ठरलेलं होतं. पण जे बाळ लुळं येतं, श्वास घेत नाही, त्याची नाळ लगेच कापून माझ्या टेबलावर द्यायची, असं माझं म्हणणं. तू म्हणायचीस, "का? नाळ धडधडतेय तोवर आईकडून त्याला मिळतंयच की. तोडून कशाला टाकू? तू ये इकडे. तुझा फुगा घेऊन ये."

"तिथे मला नीट दिसत नाही, हात पोचत नाही. आणि याबद्दल अजून कुणीच खात्रीनं सांगत नाही."

"नोडु, आता कोण घाई करतंय बघ," तू म्हणायचीस आणि तुला फार मजा यायची. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून तू एक अरुंद ट्रॉली करून घेणार होतीस, आईच्या खाटेला चिकटून उभी राहील अशी, म्हणजे नाळ न कापता मला तिथेच काम करता यावं. मी म्हटलं, असली गावठी ट्रॉली मी वापरणार नाही. तू म्हणालीस, वापरशील. हे आपलं शेवटचं भांडण, आणि ते तसंच अर्धं पडून आहे.

चैत्राला कळा सुरू झाल्या तेव्हा घरात अजून तुझं सुतक होतं. मी तिला दुसरीकडे, मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "नको. दोड्डम्माच्याच खोलीत." तिच्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मला नाही म्हणता आलं नाही. नंदिता चांगली आहे, तुझ्याजवळ शिकली आहे, पण माझ्या डोळ्यांना ती चैत्राच्या वर्गातली मुलगी वाटत होती. बाळासाठी मी माझ्या एका सहकाऱ्याला बोलावलं. स्वतःच्या नातवंडासाठी मी ते टेबल सांभाळणार नाही एवढं शहाणपण शिल्लक होतं. मी चैत्राच्या उशाशी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खोलीत त्या बाजूला उभी होते. तिथून सगळं वेगळंच दिसतं, अक्का. नुसता चेहरा दिसतो.

बाळ आलं आणि रडलं नाही.

माझा सहकारी हात पुढे करून म्हणाला, "द्या." बरोबरच होतं ते. मीही तेच म्हटलं असतं, तुझ्याशी कितीदा तेच म्हणून भांडले होते. नंदितानं बाळ दिलं नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. तिला हवं होतं की मी काहीतरी सांगावं, काप किंवा थांब. मला काहीही सांगता आलं नाही. मला बाळ दिसतच नव्हतं. मी चैत्राच्या पांढऱ्या ओठांकडे बघत होते आणि खाली किती रक्त गेलं असेल याचा विचार करत होते. एवढाच विचार करत होते.

नंदिता म्हणाली, "धडधड चांगली आहे. मॅडम म्हणायच्या, धडधड चांगली असेल तर आधी इथेच पाठ पुसा." तिचा एक हात चैत्राच्या पोटावर घट्ट होता. दुसऱ्या हातानं ती बाळाची पाठ चोळत होती, खालून वर, खालून वर. माझा सहकारी फुगा घेऊन वाकून तिच्या खांद्याशी आला. त्यालाही जागा पुरत नव्हती. तुझी ट्रॉली असती तर पुरली असती.

किती वेळ गेला मला माहीत नाही. थोडाच गेला असणार. मग बाळ शिंकलं, आणि शिंकेमागोमाग रडलं. मुलगी झाली. चैत्रा म्हणाली, "अम्मा, माझे केस ओढू नकोस." मी तिचे केस मुठीत धरून उभी होते.

नाळ न कापल्यामुळे ती रडली का? टेबलावर नेली असती तर आधी रडली असती का? तू असतीस तर म्हणाली असतीस, बघितलंस? आणि मी म्हटलं असतं, सिद्ध कर. हे मी मनात म्हणूनही बघितलं. त्यात काही अर्थ वाटला नाही.

चैत्रा बरी आहे. तिला फारसं रक्त गेलं नाही. नंदिता सगळं आवरल्यावर मागच्या खोलीत जाऊन रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

पण आज बाळ पिवळं दिसतंय. नाळ उशिरा कापली की कधीकधी जरा जास्त पिवळी पडतात बाळं, ते मी जन्मभर लोकांना सांगत आले, आणि हेही सांगत आले की बहुतेकांची ती कावीळ आपोआप उतरते, नजर ठेवायची, एवढंच. मी दर तासाला तिला खिडकीशी नेते आणि नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून बघते. रक्त तपासायचं होतं तर त्या एवढ्याशा टाचेला सुई लावायला माझा हात धजेना, सिस्टरनी घेतलं. आकडा ठीक आला. निळ्या दिव्याखाली ठेवायची गरज नाही. चैत्रा म्हणते, "अम्मा, पुरे. तूच डॉक्टर आहेस ना?" मी हो म्हणते. थोड्या वेळानं तिला परत उचलते.

काळजी करू नका, असं मी आजवर कितीतरी आज्यांना सांगितलं असेल. आज ते मला कुणीतरी सांगायला हवंय, अक्का. तोंड असं करू नकोस पुट्टी, पेशंट घाबरते, असं. सकाळपासून मी खिडकीशी उभी आहे आणि इतका उजेड असूनही, ती खरंच किती पिवळी आहे, मला ठरवता येत नाहीये.